दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाची गाठ : वाढणारा कृत्रिम सांधा, फिरवलेला पाय की पाय काढणे?

विचारणा : भांडुपचा मामा

नमस्कार. माझा भाचा दहा वर्षांचा आहे. ताई आणि दाजी सातारा जिल्ह्यात शेती करतात. परंतु गेले अडीच महिने ताई त्याला घेऊन आमच्याकडे भांडुपला राहते आहे, कारण त्याच्या उजव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या अगदी वरच्या भागात, ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग निघाला असून परळला त्याची केमोथेरपी चालू आहे. खो-खो खेळताना तो पडला, गुडघा सुजला, आणि मुका मार असेल असे समजून दीड महिना मालीश आणि लेप यांत गेला. रात्री झोपेतून उठून तो पाय धरून रडू लागला, तेव्हा एक्स-रे काढला. त्यानंतर गावाकडच्या एका खासगी दवाखान्यात गुडघ्याच्या वर आडवी चीर देऊन तपासणीसाठी तुकडा काढण्यात आला. त्या चिरेमुळे आता शस्त्रक्रियेत जास्त कातडी आणि जास्त स्नायू काढावे लागतील, असे इथल्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आहे, ही त्यातली एकच समाधानाची गोष्ट.

शस्त्रक्रिया साधारण तीन आठवड्यांनी होईल. डॉक्टरांनी फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर चित्रे काढून तीन मार्ग समजावून सांगितले. पहिला, गाठीसह हाड काढून तिथे लांबी वाढवता येणारा धातूचा सांधा बसवणे. दुसरा, रोटेशनप्लास्टी, म्हणजे मधला भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडणे. तिसरा, मांडीतून पाय काढणे. पहिल्या दोन्हींबद्दल विचार करून पुढच्या गुरुवारी या, असे त्यांनी सांगितले आहे.

घरात तीन माणसांची तीन मते आहेत. ताई म्हणते, काहीही करा पण पाय वाचवा. दाजींना वाटते की पाय काढला तर आजार मुळासकट जाईल. नातेवाईक सुधा चंद्रन यांचे उदाहरण देतात, की त्या जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या, मग याला काय अडचण आहे. फिरवलेल्या पायाचे छायाचित्र मी मोबाइलवर पाहिले आणि ते ताईला दाखवण्याचे धाडस मला झाले नाही. ज्यांनी यातून मुलाला नेले आहे किंवा जे स्वतः यातून गेले आहेत, त्यांनी कृपया लिहावे. माझा प्रश्न एवढाच आहे की दहा वर्षांच्या मुलासाठी यातले काय योग्य, आणि ते आम्ही कशावरून ठरवायचे?

उत्तर : निवृत्त अस्थिशल्यचिकित्सक, दादर

आपल्या भाच्याचे अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे अमुकच करा असे मी सांगणार नाही. ते त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. मात्र निर्णय कोणत्या गोष्टींवर उभा राहतो, हे सविस्तर लिहितो.

आधी दाजींच्या शंकेविषयी लिहितो, कारण ही समजूत जवळपास प्रत्येक घरात असते आणि तिच्यामुळे घाईचे निर्णय होतात. या आजारात जीव जातो तो बहुधा फुप्फुसात पसरलेल्या पेशींमुळे, आणि त्या पेशी निदानाच्या वेळीच, स्कॅनमध्ये दिसू नयेत इतक्या सूक्ष्म रूपात, अनेक रुग्णांच्या शरीरात असतात. केमोथेरपी नव्हती त्या काळात सरसकट पाय काढले जात आणि तरीही पाच मुलांपैकी जेमतेम एक जगत असे. केमो आल्यावर, आजार पसरलेला नसेल तर, दहापैकी सहा ते सात मुले वाचू लागली. गाठ चारही बाजूंनी निरोगी पेशींच्या आवरणासह निघत असेल, तर पाय काढल्याने जगण्याची शक्यता वाढत नाही, हे १९८० च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांतील रुग्णांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. त्यामुळे पाय काढणे म्हणजे अधिक सुरक्षित आणि पाय ठेवणे म्हणजे धोका पत्करणे, अशी मांडणी कृपया घरात करू नका. निरोगी आवरणासह गाठ काढता येते की नाही, ही पहिली अट आहे. ती पूर्ण होत असेल तरच पुढच्या मार्गांचा विचार करायचा.

आता खरा मुद्दा, आणि तो मुलाच्या वयाचा आहे. माणसाच्या पायाची वाढ सगळ्या हाडभर सारखी होत नाही. ती हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमधून होते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या पट्टीतून होते, आणि नेमकी तीच पट्टी या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढावी लागते. ढोबळ हिशेब असा की ती पट्टी वर्षाला सुमारे १ सेंटीमीटर वाढ देते, तिच्या खालची नडगीच्या हाडाची पट्टी सुमारे ६ मिलिमीटर देते, आणि मुलांची ही वाढ साधारण सोळाव्या वर्षापर्यंत चालते. आपला भाचा दहा वर्षांचा आहे. म्हणजे केवळ मांडीच्या पट्टीमुळे सहा वर्षांत सुमारे ६ सेंटीमीटरचा फरक पडेल, आणि कृत्रिम सांध्याचा खालचा दांडा नडगीच्या पट्टीतून जात असल्याने तिची वाढ मंदावली, तर फरक आणखी वाढेल. दोन सेंटीमीटरपर्यंतचा फरक बुटाचा तळ जाड करून किंवा पुढे चांगल्या पायाची वाढ वेळेवर थांबवून सांभाळता येतो. सहा ते नऊ सेंटीमीटरचा फरक तसा सांभाळता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीत किंवा सोळा वर्षांच्या मुलात हा प्रश्न जवळजवळ उरत नाही आणि त्यांना मोठ्या माणसांसारखा साधा सांधा बसवता येतो. म्हणूनच इतरांचे अनुभव ऐकताना, शस्त्रक्रियेच्या वेळी मूल किती वर्षांचे होते, हे आधी विचारावे. वाढ अजून किती उरली आहे हे कळण्यासाठी डाव्या हाताच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचे वय काढतात. ते काढले नसेल तर गुरुवारी त्याबद्दल जरूर विचारा.

लांबी वाढणारे सांधे दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात दर वेळी लहानशी चीर देऊन आतला स्क्रू फिरवून लांबी वाढवतात, म्हणजे दर वेळी भूल आणि दर वेळी संसर्गाची शक्यता. दुसऱ्या प्रकारात आत चुंबक व छोटी यंत्रणा असते. पाय एका कड्यासारख्या यंत्रात ठेवला की बाहेरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राने सांधा हळूहळू लांबतो. त्यातील एका जुन्या, प्रचलित रचनेत साधारण चार मिनिटांत एक मिलिमीटर असा वेग असतो आणि भूल लागत नाही. हा प्रकार मुलासाठी नक्कीच सुसह्य आहे, पण तो आयात करावा लागतो, अतिशय महाग आहे, आणि आत चुंबक असल्याने पुढे एमआरआय करण्यावर बंधन येते. शिवाय दोन्ही प्रकारांत वाढ पूर्ण झाल्यावर बहुधा सांधा बदलून मोठ्या माणसाचा बसवावा लागतो, आणि तोही कधीतरी सैल होतो किंवा झिजतो. दहा वर्षांच्या मुलाचा पाय अशा रीतीने वाचवताना आपण एका शस्त्रक्रियेला होकार देत नसून अनेक वर्षे चालणाऱ्या शस्त्रक्रियांच्या मालिकेला होकार देत आहोत, ही जाणीव पालकांना पहिल्या दिवशी असली पाहिजे. हे ऐकून घाबरून जाऊ नका. त्या मालिकेसह उत्तम चालणारी, शिकलेली, नोकरी करणारी मुले मी पाहिली आहेत.

रोटेशनप्लास्टीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिचे छायाचित्र पाहून लोक पुढचे ऐकूनच घेत नाहीत. ही शस्त्रक्रिया नवी नाही. १९२७ साली जर्मनीत बोरग्रेव्ह यांनी क्षयामुळे आखूड झालेल्या पायासाठी ती केली, आणि १९७४ साली व्हिएन्नात साल्झर यांनी ती हाडाच्या गाठीसाठी वापरली. मांडीचा खालचा भाग, गुडघा आणि नडगीचा वरचा तुकडा काढतात. मांडीतून खाली जाणारी मोठी नस (मज्जातंतू) मात्र अखंड ठेवतात. उरलेला खालचा पाय अर्ध्या वर्तुळात, म्हणजे १८० अंशांत, फिरवून वरच्या हाडाला प्लेटने जोडतात. टाच पुढे येते, बोटे मागे जातात, आणि घोटा गुडघ्याच्या जागी येतो. त्या घोट्याच्या खाली कृत्रिम पाय बसतो. पाऊल खाली ताणले की कृत्रिम पाय सरळ होतो, पाऊल वर उचलले की तो वाकतो. स्वतःच्या स्नायूंनी हलणारा, स्वतःच्या नसेने जाणवणारा गुडघा मुलाला मिळतो.

सुधा चंद्रन यांच्या उदाहरणाचे उत्तरही यातच आहे. त्यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गुडघ्याखाली काढावा लागला; त्यांचा स्वतःचा गुडघा शाबूत होता. मांडीतून पाय काढलेल्या माणसाला गुडघा नसतो, प्रत्येक पावलाला त्याला कमरेतून जोर लावावा लागतो, आणि ती चाल वेगळी व थकवणारी असते. तीन मार्गांपैकी सुधा चंद्रन यांच्या स्थितीच्या सर्वांत जवळ नेणारा मार्ग रोटेशनप्लास्टी हा आहे.

त्या आडव्या चिरेबद्दल आपण लिहिले आहे. तपासणीचा मार्ग गाठीच्या पेशींनी दूषित झालेला मानून तो सगळा गाठीबरोबर काढावा लागतो. चीर उभी असेल तर ती शस्त्रक्रियेच्या चिरेत सामावते, आडवी असेल तर बरीच जास्त कातडी व स्नायू जातात. कृत्रिम सांध्यावर निरोगी स्नायूंचे पुरेसे आच्छादन नसेल तर संसर्गाचा धोका वाढतो. रोटेशनप्लास्टीत तो भाग बहुतांशी काढूनच टाकायचा असतो, त्यामुळे तिथे ही अडचण कमी भासते. आपल्या डॉक्टरांनी हा पर्याय समोर ठेवण्यामागे हेही कारण असू शकेल.

उत्तर : एका मुलीची आई, ठाणे

माझ्या मुलीला चौदाव्या वर्षी याच जागी गाठ झाली होती. आता ती एकोणीस वर्षांची आहे. डॉक्टरसाहेबांनी वर लिहिले आहे त्याप्रमाणे तिची वाढ जवळजवळ संपली होती, म्हणून तिला भारतीय बनावटीचा साधा मेगाप्रोस्थेसिस, म्हणजे हाडाच्या काढलेल्या भागासह बसणारा धातूचा सांधा, बसवला. तिची आणि तुमच्या भाच्याची तुलना थेट होणार नाही, तरीही धातूचा सांधा घेऊन घरात वावरणे कसे असते, ते तुमच्या ताईंना कळावे म्हणून लिहिते.

शस्त्रक्रियेनंतर खरी परीक्षा व्यायामाची होती. गुडघा वाकवण्याच्या व्यायामाला ती रडायची आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायचे. टाके भरेपर्यंत केमो थांबलेला असतो, आणि जखम वेळेवर भरली नाही तर पुढचा केमो लांबतो, ही भीती सगळ्यांत मोठी होती. रोज ड्रेसिंग सोडताना नर्सच्या चेहऱ्याकडे मी आधी पाहायची, जखमेकडे नंतर. सहा महिन्यांनी ती काठीशिवाय चालू लागली. तिला मांडी घालून बसता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, आणि धावणे, उड्या मारणे तिला वर्ज्य आहे. गौरी-गणपतीत ती आरतीला खुर्चीवर बसते. हे सगळे आम्ही स्वीकारले आहे, पण कुणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

तीन वर्षांनी तिला एकदा ताप आला आणि दोन दिवसांत गुडघा लाल झाला. सांध्याला संसर्ग झाला होता. सगळा धातू काढला, त्या जागी प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट भरून ठेवले, आणि तीन महिन्यांनी नवा सांधा बसवला. ते तीन महिने तिची बारावी होती. संसर्गाबद्दल डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते, आम्हीच ते वाक्य विसरलो होतो. आता दातांचे काम असो की पायाला साधे खरचटणे असो, आम्ही आधी फोन करून विचारतो.

एवढे होऊनही, पुन्हा विचारले तर आम्ही हेच निवडू, कारण तिला आरशात तिचा पाय हवा होता आणि तसे तिने स्पष्ट सांगितले होते. मात्र ती दहा वर्षांची असती, तर मी इतक्या खात्रीने बोलले असते की नाही, हे मला सांगता येत नाही.

उत्तर : उलट्या पावलाचा, डोंबिवली

मामा, नमस्कार. माझी रोटेशनप्लास्टी मी नऊ वर्षांचा असताना झाली. आज मी चोवीस वर्षांचा आहे आणि डोंबिवलीहून नोकरीसाठी रोज लोकलने ये-जा करतो.

आपण ताईंना छायाचित्र दाखवले नाही, ते मी समजू शकतो. माझ्या आईनेही शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा चादर बाजूला केली तेव्हा ती काही बोलली नाही. तिने माझी बोटे एकेक करून दाबली आणि विचारले, कळतंय का? मला पाचही कळली. आजी तर महिनाभर त्या पायाकडे पाहत नव्हती. मग एके दिवशी तिने न विचारता त्या पावलाला तेल लावले, आणि तेव्हापासून घरात त्या विषयाला काही अडले नाही.

रोजचा दिनक्रम सांगतो. सकाळी पावलावर मऊ मोजा घालतो, बोटांमध्ये घाम राहिला नाही ना हे पाहतो, आणि पाऊल बोटे खाली करून कृत्रिम पायाच्या वाटीत सरकवतो, साधारण एखाद्या उंच टाचेच्या बुटात घालावे तसे. मग मांडीचा पट्टा आवळतो. पँट घातली की पाहणाऱ्याला काही कळत नाही. जिना एकेक पायरी न थांबता उतरतो, सायकल चालवतो, कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर रविवारी क्रिकेटही खेळतो. माझ्या घोट्याला आता गुडघा म्हणूनच सवय आहे. 'पाय वाकव' असे मनात आले की पाऊल आपोआप वर जाते. सुरुवातीला मात्र ते शिकायला मला पाच-सहा महिने लागले. फिजिओथेरपीच्या ताई आरशासमोर उभे करून म्हणायच्या, 'पावलाला सांगू नकोस, गुडघ्याला सांग.'

अडचणीही सांगतो, कारण फक्त चांगले सांगणे हा अन्याय होईल. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस पायाच्या रक्तवाहिन्यांवर फार बारीक लक्ष ठेवतात, कारण रक्तपुरवठा बिघडला तर पायच जाऊ शकतो. माझे हाड जुळायला अपेक्षेपेक्षा उशीर लागला आणि तोवर कृत्रिम पायावर भार देता आला नाही. वाढीच्या वयात कृत्रिम पाय वर्ष-दीड वर्षात लहान होतो आणि नवा करावा लागतो. तो खर्च वारंवार येतो. माझा घोटा सुरुवातीला दुसऱ्या गुडघ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवला होता, कारण चांगल्या पायाची मांडी पुढे जास्त वाढणार होती. सोळाव्या वर्षी दोन्ही एका पातळीवर आले. तेव्हा डॉक्टरांनी मोजपट्टी लावून पाहिली आणि स्वतः हसले. आणि लोक बघतात. तरणतलावावर बघतात, समुद्रावर बघतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी मला त्याचा फार त्रास झाला आणि दोन वर्षे मी अर्धी पँट घातली नाही. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी तेराव्या वर्षाचा विचार नक्की करावा, आणि तिसाव्या वर्षाचाही करावा.

एक गोष्ट माझ्याबाबतीत फार चांगली झाली. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी माझी अशाच एका मोठ्या मुलाशी भेट घालून दिली. त्याने माझ्यासमोर पाय काढला, पुन्हा घातला आणि मला चेंडू टाकायला सांगितले. छायाचित्रात जे भयंकर दिसते, ते चालताना तसे दिसत नाही. ताईंना छायाचित्र दाखवू नका, माणूस दाखवा. आपली हरकत नसेल तर मी गुरुवारच्या आधी कोणत्याही संध्याकाळी भांडुपला येऊ शकतो.

पुन्हा विचारणा : भांडुपचा मामा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल काय बोलू? डोंबिवलीच्या दादांना मी खासगी निरोप पाठवला आहे. शनिवारी संध्याकाळी जरूर या. ताईला आज सगळी उत्तरे वाचून दाखवली. ती मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, पण परत येऊन बसली आणि म्हणाली, पुन्हा वाच.

आणखी दोन प्रश्न आहेत. माझ्या एका मित्राच्या ओळखीतील मुलीचे तिचेच हाड काढून, किरणोत्सर्ग देऊन, परत बसवले असे ऐकले. ते भाच्याला का चालणार नाही? दुसरे, खर्चाचे काय? दाजींनी जमीन विकण्याची गोष्ट काढली आहे.

उत्तर : निवृत्त अस्थिशल्यचिकित्सक, दादर

आपण ऐकले ते खरे आहे आणि मुंबईत ते अनेक वर्षे केले जाते. गाठीसह हाडाचा तुकडा काढतात, त्यावरील गाठ खरवडून स्वच्छ करतात, त्याला शरीराबाहेर एकाच वेळी ५० ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) इतका किरणोत्सर्ग देतात, जेणेकरून एकही पेशी जिवंत राहू नये, आणि ते हाड पुन्हा त्याच जागी प्लेटने बसवतात. हाड त्याच रुग्णाचे असल्याने ते तंतोतंत बसते आणि दात्याची वाट पाहावी लागत नाही. हेच काम द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवूनही करतात. त्या मृत हाडाच्या आत रुग्णाच्याच पोटरीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घातले, तर जुळणी अधिक भक्कम होते. दात्यांचे हाड साठवण्यासाठी टाटा रुग्णालयाची स्वतःची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, तोही एक पर्याय असतो.

परंतु ही पद्धत सर्वांत चांगली ठरते ती गाठ हाडाच्या मधल्या भागात असते तेव्हा, म्हणजे वरचा आणि खालचा सांधा दोन्ही वाचवता येतात तेव्हा. आपल्या भाच्याची गाठ गुडघ्याला लागून आहे आणि वाढीची पट्टीही तिच्यात गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. केमोनंतर नवा एमआरआय झाला असेल तर गाठ आणि पट्टी यांच्यामध्ये निरोगी हाडाचा थर शिल्लक आहे का, हे डॉक्टरांना त्या चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगा. क्वचित काही मुलांत तो असतो आणि मग गुडघा वाचवण्याचा विचार करता येतो. नसेल तर त्या आशेवर वेळ घालवू नये.

संसर्गाविषयी ठाण्याच्या ताईंनी लिहिले, त्याला मी एक आकडा जोडतो. पायाच्या हाडांच्या गाठीनंतर कृत्रिम सांधा बसवलेल्या सुमारे ६०० रुग्णांवर बारा देशांत मिळून एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविके एक दिवस द्यावीत की पाच दिवस, हे त्यात तपासले होते. दोन्ही गटांत वर्षभरात साधारण सहापैकी एका रुग्णाला शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला. म्हणजे त्यांच्या मुलीला झाले ते कुणाच्या हलगर्जीपणामुळेच झाले असे मानण्याचे कारण नाही. या शस्त्रक्रियेचा तो ठाऊक असलेला धोका आहे, आणि निवड करताना तो तराजूत घालायलाच हवा.

उत्तर : वैद्यकीय समाजसेविका, परळ परिसर

जमीन विकण्याची घाई करू नका. गुरुवारी डॉक्टरांना भेटण्यापूर्वी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. सोबत शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल आणि उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधी व धर्मादाय संस्थांकडे कोणत्या क्रमाने अर्ज करायचे, हे तिथेच ठरते. आयात केलेला वाढणारा सांधा आणि देशी सांधा यांच्या किमतीत फार मोठे अंतर असते, म्हणून डॉक्टर कोणत्या सांध्याबद्दल बोलत आहेत ते नावासह लिहून घ्या. अंदाजपत्रकाशिवाय कोणताही अर्ज पुढे सरकत नाही.

रोटेशनप्लास्टी ठरली तर शस्त्रक्रियेचा खर्च तुलनेने कमी असतो, पण कृत्रिम पाय वाढीच्या वर्षांत अनेकदा करावा लागतो. त्यासाठी हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आधीच चौकशी करून ठेवा. नेहमीच्या कृत्रिम पायापेक्षा हा वेगळा असतो, त्यामुळे तो आधी बनवलेला कारागीर मिळणे महत्त्वाचे आहे. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना आजही प्रवास करता येतो. भाच्याला केमोसाठी गर्दीच्या डब्यातून आणू नका. आणि शाळेचा दाखला काढून घेऊ नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या, नाव पटावर राहू द्या. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी काही पालक नाव काढून येतात.

पुन्हा विचारणा : भांडुपचा मामा

शनिवारी डोंबिवलीचे दादा येऊन गेले. ताईने चहा दिला आणि बराच वेळ ती त्यांच्या पायाकडे न पाहता त्यांच्या आईविषयी विचारत राहिली. भाचा मात्र सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, दाखवा. दादांनी पाय काढून दाखवला, पाऊल हलवून दाखवले. भाच्याने बोटाला हात लावून विचारले, गुदगुल्या होतात का? होतात, असे कळल्यावर तो हसला. केस गेल्यापासून तो पाहुण्यांसमोर टोपी काढत नव्हता. त्या संध्याकाळी ती त्याने कधी काढून ठेवली, ते आमच्या लक्षातही आले नाही.

निर्णय अजून झालेला नाही. हाडाचे वय आणि एमआरआयमधील तो थर, या दोन गोष्टी गुरुवारी विचारायच्या आहेत. सांध्याचे नाव आणि अंदाजपत्रक लिहून घ्यायचे आहे. दाजी बुधवारी रात्रीच्या एसटीने येत आहेत आणि पाय काढला की आजार जातो ही समजूत का चुकीची आहे, ते मी त्यांना फोनवर समजावले आहे. त्यांनी दोनदा विचारले, खात्रीने ना? मी त्यांना डॉक्टरसाहेबांचे उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवले.

भाच्यानेही फाईलच्या त्याच कोऱ्या पानावर, डॉक्टरांच्या चित्रांखाली, पेन्सिलीने स्वतःचे तीन प्रश्न लिहिले आहेत. 'शाळा कधी सुरू होणार?' 'खो-खोत खांबाला वळसा घालता येईल का?' आणि 'प्रार्थनेला मांडी घालून बसता येईल का?' तिसऱ्याचे उत्तर दादांना विचारायचे राहिले, म्हणून इथे विचारतो.

उत्तर : उलट्या पावलाचा, डोंबिवली

त्याला सांगा, कृत्रिम पाय घालून नीट मांडी घालता येत नाही, तो पुढे पसरून बसावे लागते. पण मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी पाय काढून शेजारी उभा ठेवत असे आणि मग इतरांसारखाच जमिनीवर बसत असे. पहिले आठ दिवस सगळा वर्ग त्या पायाकडे बघत होता. नंतर तो धरून ठेवण्यासाठी मुलांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या. खो-खोबद्दल गुरुवारी डॉक्टरांनाच विचारायला सांगा, मी खो-खो कधी खेळलो नाही.